वेलांटीची गाडी

तुरुंगात मला सगळ्या डबलबेल म्हणायच्या. बाहेर चौदा वर्षं मी बसची कंडक्टर होते आणि माझा आवाज असा की मागच्या दारातून ओरडले तर ड्रायव्हरला घंटीची गरज पडायची नाही. आत का गेले तेही सांगून टाकते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात किडा वळवळत राहणार नाही. आमच्या डेपोतला एक साहेब नव्या मुलींना ड्यूटी लावायच्या निमित्ताने केबिनमध्ये बोलवायचा. एकीला रडत बाहेर येताना पाहिलं, तशीच आत गेले आणि हातातलं तिकिटाचं मशीन त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचा एक डोळा गेला. पश्चात्ताप होतो का, असं जज्जसाहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "डोळ्याचा होतो. हाणल्याचा नाही." माझी वकीलबाई कपाळाला हात लावून खाली बसली. तीन वर्षं लागली.

बराकीत माझ्या शेजारची सतरंजी एका पंचावन्नच्या आसपासच्या बाईची होती. काडीसारखी बारीक, पाय मात्र सुजलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पहिला आठवडाभर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग एके दिवशी आईला फोन करायला मिळावा म्हणून मी अर्ज लिहीत होते, तर शेजारून हळू आवाज आला.

"'विनंती'तला 'वि' ऱ्हस्व, 'ती' दीर्घ. तुम्ही उलटं लिहिलंय."

"नीट लिहिलं तर फोन लवकर मिळतो का?"

"नाही. पण नाकारायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागतं."

मी खो खो हसले. तुरुंगात आल्यापासून पहिल्यांदा.

ती एका छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासायची. सरकारला झोंबणारी एक छोटी पुस्तिका तिथे छापली गेली. लिहिणारा पळाला, मालकाने हात वर केले, आणि शेवटच्या प्रुफावर हिची सही सापडली. "मजकूर माझा नव्हता," ती सांगायची, "शुद्धलेखन तेवढं माझं होतं." चार वर्षं ती कच्ची कैदी म्हणून आत होती. खटला अजून सुरूच झाला नव्हता. तारखेला जायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. बराकीतल्या बायकांचे अर्ज, पत्रं, सगळं तिच्या हाताखालून जायचं, म्हणून सगळ्या तिला वेलांटी म्हणायच्या. तिला ते नाव आवडायचं असं मला वाटतं. एक-दोन आठवड्यांनी मला म्हणाली, "डबलबेल, अहो-जाहो पुरे आता. इथे रांगेत उभं राहून एका बादलीत आंघोळ करतो आपण."

तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला बाहेरच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं, असा कागद होता. खरं तर डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा लिहिलं होतं, तुरुंगाने त्याचं दोनदा केलं. आणि त्या दोनदालाही गाडी यायचीच असं नाही. गाडीबरोबर दोन गार्ड लागतात. ते कधी कोणा मंत्र्याच्या बंदोबस्ताला, कधी कोर्टात, कधी सुट्टीवर. वेलांटी सकाळी सातलाच तयार होऊन दाराशी बसायची. डाव्या हाताला, जिथे सुया टोचायच्या, तिथे नस फुगून दोरखंडासारखी झाली होती. तो हात ती मांडीवर तान्ह्या बाळासारखा ठेवायची. अकराच्या सुमाराला हवालदारीण यायची आणि म्हणायची, "गार्ड नाही आज."

डायलिसिस चुकलं की काय होतं ते मला शेजारी बसून कळलं. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. अंगाला खाज सुटते. आडवं झालं की छाती भरून येते, म्हणून बसून राहावं लागतं. वेलांटी भिंतीला टेकून बसायची, पण भिंत गार आणि खडबडीत. मग मी माझी पाठ तिच्या पाठीला लावून बसायला लागले. ती टेकायची, मी बसल्या बसल्या तुरुंगाच्या सतरंजी कारखान्यातले दोरे गुंडाळायची. तिला दिवसभरात अर्धी बाटली पाणी. मी बाटलीला चार दोरे बांधून दिले होते, सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. उन्हाळ्यात ती रुमाल ओला करून ओठांना लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. त्या वेळी तिच्याकडे बघवायचं नाही.

गाडी चुकली की दुपारी ऑफिसातला कारकून एक छापील कागद घेऊन यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, 'मी आज स्वेच्छेने रुग्णालयात जाण्यास नकार देत आहे.' खाली सहीची जागा. बाकीच्या आजारी बायका मुकाट्याने सही करायच्या. कारकून पेन पुढे करायचा, आणि पेन हातात आलं की वेलांटीचा चेहराच बदलायचा. ती चष्मा वर करायची, 'स्वेच्छेने'वर एक सरळ रेघ मारून समासात प्रुफातली काढून टाकायची खूण करायची, मग 'नकार देत आहे' खोडून वर बारीक अक्षरात लिहायची, 'गार्ड न दिल्यामुळे जाऊ शकले नाही'. तारीख, वेळ, सही.

कारकून चिडायचा. "अहो, हे सरकारी कागद आहे!"

"हा कागद," ती शांतपणे म्हणायची. "सरकारी असला तरी पुल्लिंगीच."

त्याला तो कागद फाडताही यायचा नाही, कारण प्रत्येकावर नंबर छापलेला. निमूटपणे फाइलला लावायचा. असे अकरा कागद झाले.

मी स्वतः दर वेळी ऑफिसच्या जाळीशी जाऊन घसा कोरडा करायची. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या तुरुंगाधिकारी. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या टेबलावर आलेली प्रत्येक गोष्ट त्या उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायच्या. "मी पत्र दिलंय वर," म्हणायच्या. तुरुंगाचे डॉक्टर तर हातही लावायचे नाहीत. एकदा ते माझ्यासमोर वेलांटीला म्हणाले, "तुमच्यासारखी शिकलेली माणसंच जास्त नाटकं करतात." तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग आम्ही बाहेर आलो.

"त्याला बोलायचं होतंस काहीतरी," मी म्हटलं.

"दम शिल्लक असता तर बोलले असते," ती म्हणाली. "आता तो श्वासाला ठेवलाय."

मग तो आठवडा आला. शुक्रवारी गार्ड नाही. मंगळवारी परत गार्ड नाही. म्हणजे मागच्या मंगळवारपासून सात दिवस तिच्या रक्तातली घाण तिच्याच अंगात. दुपारी तिचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले. श्वास घेताना आतून खळखळ आवाज येत होता. माझ्या पाठीला तिचं डोकं दगडासारखं लागत होतं. मी हवालदारणीला बोलावलं. ती स्वतः घाबरली, धावत डॉक्टरांकडे गेली, आणि परत येऊन खाली मान घालून म्हणाली, "एक गोळी दिलीय. उद्या बघू म्हणाले."

"उद्या कोणाला बघणार?" मी विचारलं.



संध्याकाळी पाच वाजता आमची मोजणी व्हायची. सगळ्या बायकांना अंगणात पाच-पाचच्या रांगेत बसवायचं, प्रत्येकीने आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि ती बेरीज मुख्य दरवाजावरच्या फळ्यावर लिहायची. सगळ्या बराकींची बेरीज जुळली की बंदी व्हायची, म्हणजे बराकींना कुलपं लागायची, आणि दिवसाचा स्टाफ घरी जायचा. एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तर अख्खा तुरुंग, पुरुषांकडचासुद्धा, जागच्या जागी थांबायचा. हे मला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. रोजच्या रोज आमच्यावर सत्ता गाजवणाऱ्या लोकांना एक गोष्ट आमच्याकडून लागायची, ती म्हणजे तो आकडा.

मी कोणाशी मसलत केली नाही. वेळच नव्हता. रांगेत बसता बसता माझ्यामागच्या मामीला एवढंच म्हटलं, "मी आज आकडा म्हणणार नाही." मामी म्हणजे साठीची बाई, सुनेच्या केसमध्ये आत आलेली. तिची सुटका नऊ दिवसांवर होती.

"पंधरा." "सोळा."

सतरावी मी. गप्प बसले.

"सतरा!" हवालदारीण म्हणाली. "डबलबेल, झोपलीस का?"

"जागी आहे. वेलांटीची गाडी आली की म्हणते."

"अगं ए, वेड्यासारखं करू नकोस. अठरा!"

अठरावी मामी. मी मागे वळून पाहिलं नाही. मला तिच्या बांगड्यांचा आवाज आला, बस्स. तिने हात मांडीवर ठेवले असावेत. आकडा नाही. एकोणीस नाही. वीस नाही. ओळीने शांतता पसरत गेली. बेचाळिसाव्या बाईने मात्र हळू आवाजात आपला आकडा म्हटला. तिची लेक दुसऱ्या दिवशी सात तासांचा प्रवास करून भेटायला येणार होती. आम्ही तिला त्याबद्दल पुढे कधी एका शब्दाने बोललो नाही. तिच्यानंतर पुन्हा सगळ्या गप्प.

पाऊण तासात भोंगा वाजला. पुरुषांकडून आणि मुख्य दरवाजाकडून गार्ड धावत आले, काठ्या, हेल्मेटं, सगळा जामानिमा. भिंतीच्या कडेने उभे राहिले. मोठ्या मॅडम आल्या. त्यांच्या खांद्याला पर्स होती, म्हणजे घरी निघालेल्या.

"काय चाललंय हे? बंड करताय?"

मी उभी राहिले. "मॅडम, आत एक बाई बुडतेय. पाणी तिच्या छातीत आहे एवढाच फरक. तिला दवाखान्यात न्या, आम्ही दहा वेळा आकडे म्हणतो."

"गार्ड नाहीत, हे तुला शंभरदा सांगितलंय."

मी भिंतीकडे बोट केलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौदा वर्षं बसमधली डोकी मोजलेली बाई मी, चुकणार कशी? "बावीस," मी म्हणाले. "आमची तोंडं उघडायला बावीस आले. त्यातले दोन द्या."

कोणीतरी फिसकन हसलं. आमच्यातलं नव्हे. भिंतीपाशी उभा असलेला एक गार्ड होता, त्याने लगेच तोंडावर हात धरला. मोठ्या मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराकीच्या दाराकडे. तिथून ती खळखळ ऐकू येत होती. इतक्या बायका गप्प बसल्यामुळेच ऐकू येत होती. एरवी त्या अंगणात स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही.

त्यांनी पर्स काढून हवालदारणीकडे दिली. "तुम्ही दोघं, इकडे या. गाडी काढा."

वेलांटीला चादरीत घालून चौघींनी उचललं. माझ्याजवळून नेताना तिने डोळे किलकिले केले. "मूर्ख आहेस," ती पुटपुटली. मी म्हणाले, "ऱ्हस्व की दीर्घ ते परत येऊन सांग." फाटकापलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा मी सतरा म्हटलं. मामीने अठरा. पुढे सगळ्यांनी इतक्या जोरात आकडे म्हटले की पुरुषांच्या बाजूनेही टाळ्या पडल्या.

शिक्षा व्हायची ती झालीच. मला दहा दिवस एकांतकोठडी आणि चांगल्या वागणुकीसाठी शिक्षेत मिळालेल्या सुटीचे साठ दिवस कापले. मामीची सुटका पंधरा दिवसांनी पुढे ढकलली. मी तिची माफी मागायला गेले तर ती माझ्यावरच भडकली. "मी काय तुझ्या सांगण्यावरून गप्प बसले? माझं तोंड माझं आहे!"

वेलांटी सहाव्या दिवशी परत आली, पण मला भेटली मी कोठडीतून सुटल्यावर. चेहरा पुन्हा तिचा झाला होता. दवाखान्यात तिच्या पायाला बेडी घालून ती पलंगाला बांधून ठेवली होती, घोट्यावर काळा वळ उठला होता. "पळून कुठे जाणार होते मी?" ती म्हणाली. "माझं रक्त त्यांच्या मशीनमध्ये फिरत होतं." मग माझ्याकडे वळली. "तुझे साठ दिवस गेले. कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मला आयुष्यभर कोणाचे उपकार नको होते."

"मग फेड," मी म्हटलं. "साठ दिवस जास्त जग."

तिने मला चापट मारली. हलकीच, सुयांच्या हाताने.

त्या दिवसापासून गाडी एकदाही चुकली नाही. शिवाय तिच्या वकीलबाईंनी जामिनाचा अर्ज पुन्हा टाकला. तुरुंगाने कोर्टाला कळवलं, 'कैद्याची प्रकृती समाधानकारक असून उपचार नियमित सुरू आहेत.' वकीलबाईंनी तुरुंगाच्याच फाइलमधले ते अकरा कागद मागवून घेतले आणि जज्जसाहेबांपुढे ठेवले. अकरा तारखा, अकरा वेळा खोडलेलं 'स्वेच्छेने'. जज्जसाहेबांनी एकेक कागद वाचला आणि विचारलं, "हे समाधान कोणाचं?" त्याच आठवड्यात जामीन झाला.

आता राहायचा पक्का पत्ता हवा. वेलांटीला सख्खा भाऊ होता. त्याने लिहून दिलं की आमच्याकडे जागेची अडचण आहे आणि मुलीचं लग्न ठरायचंय. तिने ते पत्र घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं. त्या दिवशी तिने पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही. मी ऑफिसातून आईला फोन लावला.

"आई, आपल्याकडे एक बाई राहायला येतेय."

"कोण गं? किती दिवस?"

"खूप आजारी आहे. दिवस माहीत नाहीत."

आई एकटी राहायची, दोन खोल्यांत, गुडघे दुखत. तिने विचारलं, "तिखट खाते का?"

"तिखट चालतं, मीठ नाही. भाज्या दोनदा उकळून पाणी फेकायचं."

"म्हणजे चवीच्या नावाने शंखच. बरं, पाठव. आणि तू तिथे नीट वाग, कार्टे."

पुढचे साडेचार महिने मी आत आणि ती माझ्या घरी. आईला लिहिता येत नाही, म्हणून आईची पत्रं वेलांटी लिहायची. पहिल्याच पत्रात त्या दोघींची भांडणं मला वाचायला मिळाली, कारण आईने सांगितलेलं सगळं तिने इमानाने लिहिलं होतं, 'ही बाई माझी वाक्यं बदलते, तिला सांग मी बोलते तसंच लिही' यासकट. खाली कंसात तिने लिहिलं होतं, 'बदलत नाही. फक्त पूर्ण करते.' शेजारणी आईला विचारायच्या, तुरुंगातली बाई घरात कशी ठेवलीत? आई सांगायची, "माझी लेकही तुरुंगातच आहे. हिला ठेवून घेतलं, तिला ठेवून घेणार आहे. तुमची काही हरकत?"

मी सुटले तेव्हा आमच्या वाट्याला तेरा आठवडे आले. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलं होतं तसं तीनदा, मी तिला बसने दवाखान्यात न्यायची. चार तास मशीनशेजारी स्टूल टाकून बसायची. ती वर्तमानपत्र वाचायची आणि चुकांवर पेन्सिलीने गोल करायची. नर्सने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सुरुवातीला ही पाय बेडी असल्यासारखे अगदी एका जागी ठेवून झोपायची, हलवायचीच नाही. हळूहळू पायावर पाय टाकायला लागली. मला ती हे दाखवायची, लहान मुलाने दात दाखवावा तशी.

खटल्याची तारीख पडली तर जायचंच, असा तिचा हट्ट होता. "मला दया नको, निकाल हवाय," म्हणायची. तारखा पडल्या, दोनदा मी तिला जिना चढवून वर नेलं, दोनदा सरकारी वकील आले नाहीत. तिसऱ्या तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारी जेवून ती आईच्या पलंगावर जरा पडली आणि उठली नाही. आईने हात लावून पाहिला. आम्ही दोघी तिच्याजवळ बसून राहिलो. घोट्यावरचा तो वळ तोपर्यंत पुसट झाला होता, पण गेला नव्हता. आईने त्यावर तेल लावलं. आता काय उपयोग, असं मी म्हटलं नाही.

मृत्यू झाल्यामुळे खटला बंद, असा दोन ओळींचा कागद कोर्टातून आला. मी तिच्या वकीलबाईंना म्हटलं, हे मला मान्य नाही, निर्दोष लिहून द्या. त्या म्हणाल्या, कायद्यात तसं बसत नाही, फार तर रक्ताच्या नातेवाइकाला अर्ज करता येईल, तोही टिकेल याची खात्री नाही. मी तिच्या भावाच्या दुकानात गेले. मी कोण ते सांगितल्यावर गिऱ्हाइकांसमोर नको म्हणाला. मी म्हटलं, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबते. दुकान बंद होईपर्यंत थांबले. त्याने सही केली. सही करताना रडला, पण ते त्याचं त्याच्यापाशी. तो अर्ज अजून पडून आहे आणि मी दर पंधरवड्याला जाऊन विचारते.

आता दर सोमवारी मी तुरुंगाच्या फाटकाशी असते. मामीने नुकत्याच सुटून आलेल्या एकीकडून ऐकून निरोप पाठवला होता की धुलाईच्या कामावरची एक बाई दोन महिने खोकतेय, थुंकीत रक्त पडतंय, आणि तिला गोळ्याच चालू आहेत. मी अर्ज लिहिला आणि गेले. फाटकावरचा शिपाई मला ओळखतो.

"तू सुटलीस ना? मग इथे काय काम? तुझं कोण आहे आत?"

"अर्ज द्यायचाय."

"भेटीची वेळ संपली."

"भेटायला आलेच नाही. अर्ज आत द्या आणि शिक्का मारलेली पोच आणा."

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

"बसते," मी म्हटलं आणि समोरच्या बाकावर बसले. डबा आणला होता, तो उघडून जेवले. शिपाई अधूनमधून जाळीतून बघत होता. अडीच वाजता त्याने पोच आणून दिली. गुरुवारी त्या बाईला छातीचा फोटो काढायला नेलं.